एकसष्ट पावत्या, एकच नंबर

पहिला फोन मी रामरावांना लावला.

“नमस्कार, जालन्याहून बोलतेय. रामराव आहेत का?”

“हायेत की,” पलीकडून एक तरुण आवाज म्हणाला. “भिंतीवर.”

“भिंतीवर?”

“फोटोत, मॅडम. तीन वर्षं झाली त्यांना जाऊन.”

मी घाईघाईने माफी मागितली, फोन ठेवला आणि यादीतलं पुढचं नाव घेतलं. उषाबाई.

“उषाबाई आहेत का?”

“न्हाई हो. त्या तर रामरावांच्याही आधी गेल्या.”

आवाज तोच! मला वाटलं, लाईनमध्ये काही गडबड असेल. ऑफिसचा लँडलाईन तसाही माझ्याहून वयाने मोठा आहे. तिसरा फोन वसंता नावाच्या माणसाला लावला, तर मी तोंड उघडायच्या आत पलीकडून हसू ऐकू आलं.

“मॅडम, यादीत अजून किती लोकं हायेत? म्हंजे मी जरा पाणी पिऊन येतो.”

तेव्हा कुठे मी समोरच्या कागदांकडे नीट पाहिलं. एकसष्ट पावत्या होत्या, आणि एकसष्टच्या एकसष्ट पावत्यांवर एकच फोन नंबर होता. आकड्यांवर पोट भरणाऱ्या मुलीला हे कळायला तीन फोन लागले, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

“तुम्ही कोण?” मी शक्य तितक्या कडक आवाजात विचारलं.

“मी कल्याण. संस्थेचा सचिव. आन् गाडीचा डायव्हर पण मीच.”

“प्रत्येक पावतीवर तुमचा नंबर का?”

“मंग कोणाचा टाकू? गेलेल्या माणसाला फोन लागत न्हाई...”  मग आवाज थोडा खाली आला. “त्यांच्याबद्दल कोणी काही विचारलंच, तर मला विचारावं, म्हणून टाकला. उत्तर द्यायला कोणीतरी पायजे ना, मॅडम.”

माझा कडक आवाज कुठल्या कुठे गेला. मार्च महिन्यात असं मला सहसा होत नाही.

जुन्या जालन्यात, कापडाच्या ठोक दुकानावरच्या मजल्यावर आमचं सीएचं ऑफिस आहे. मी अंतरा. शेवटच्या परीक्षेच्या एका ग्रुपचे पेपर राहिले होते, म्हणून अजून सरांच्या हाताखाली होते. त्या वर्षी सरांनी धर्मादाय संस्थांच्या फायली माझ्याकडे दिल्या होत्या. मार्चअखेर आर्थिक वर्ष संपायच्या आत त्यांची कागदपत्रं नीट लावायची, म्हणजे पुढे ऑडिटला आणि रिटर्नला त्रास होत नाही. त्यातलीच ही एक फाइल, घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावची. संस्थेचं नोंदणीतलं नाव लांबलचक आहे, पण तिकडे सगळे तिला नुसतं ‘मुलींची गाडी’ म्हणतात. आडबाजूच्या वस्त्यांवरच्या मुलींना कॉलेजात नेणारी आणि परत आणणारी एक क्रूझर, एवढंच त्या संस्थेचं काम.

दुसऱ्या दिवशी तो आवाज जिना चढून आला. पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, पापण्यांवर रस्त्याची धूळ. एका हातात हिशेबाची पिशवी, दुसऱ्या हातात मोसंब्यांची.

“ही कशाला?” मी मोसंब्यांकडे बोट दाखवलं.

“काल तुमचा आवाज लई कोरडा पडल्ता.”

मी हसले नाही. ओठ आतून चावला आणि खुर्चीकडे हात केला.

मग त्याने सगळं सांगितलं. त्यांच्याकडच्या बारा-पंधरा गावांत एक रीत पडून गेली आहे. घरातलं माणूस गेलं, की वर्षश्राद्धाला मोठ्या पंगती उठवायच्या नाहीत. तो पैसा मुलींच्या गाडीला द्यायचा, आणि पावती गेलेल्या माणसाच्या नावाने घ्यायची. देणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

“कुठेच नाही?”

“आपल्या आईच्या नावानं द्यायचं, आन् वर स्वतःचं नाव लावायचं? बरं दिसतं का ते?”

आता त्याला कायदा सांगायची पाळी माझी होती. देणारा कोण, कुठे राहतो, याची नोंद संस्थेकडे नसेल तर ती देणगी निनावी धरतात. निनावी देणगी एका मर्यादेच्या वर गेली की त्यावर सरळ टॅक्स लागतो. त्यांच्या देणग्या होत्या चार लाख ऐंशी हजार. मी कॅल्क्युलेटर त्याच्याकडे फिरवला. टॅक्स लाखाच्या वर जात होता.

त्याचं हसू विझलं. “दुसऱ्या गाडीसाठी बाजूला ठेवलेत हे पैसे,” तो हळूच म्हणाला. “जूनपासून अकरा पोरी वाढून राह्यल्या, मॅडम. त्यांची नावं लिहून घेतलीत मी. त्यांच्या बापांना शब्द दिलाय.”

“मग खरे देणारे शोधा. प्रत्येकाचं नाव, पत्ता, आधार नंबर आणि सही, एकतीस मार्चच्या आत.”

“लोकं सह्या देणार न्हाईत.”

आतल्या केबिनमधून सरांचा आवाज आला. “अंतरा, तू बरोबर जा. सह्या आपल्यासमोर झालेल्या बऱ्या.”

हातात चार रविवार होते. रविवारी मुलींना सुट्टी, म्हणून गाडी मोकळी असायची.

पहिल्या रविवारी आम्ही झुंबरबाईंकडे गेलो. अंतरवाली सराटीच्या पुढे, रस्त्यापासून आत त्यांचं शेत आहे. ज्वारीची काढणी चालली होती, बांधावरचा पळस पेटला होता, आणि घरामागे मोसंबीची बाग एवढी दाट होती की उन्हातून तिच्यात शिरताच मान आपोआप वर झाली.

“मॅडम, तुम्ही हसत न्हाई का कधी?” वाटेत कल्याणने विचारलं होतं.

“मार्चमध्ये नाही.”

“मंग एप्रिलमध्ये येतो.”

मी खिडकीबाहेर पाहिलं. त्याला माझा चेहरा आरशात दिसत असेल, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

झुंबरबाई सत्तरीच्या. पावतीचं नाव काढताच त्यांनी भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो उतरवला, पदराने पुसला आणि उलटा करून मागचा पुठ्ठा सरकवला. आत पाच पावत्या होत्या, पाच वर्षांच्या. इस्त्री केल्यासारख्या सरळ.

“ह्या त्यांच्या,” त्या म्हणाल्या.

“मावशी, पैसे तुम्ही दिलेत ना? मग तुमचं नाव लागेल.”

“मी कुठं दिले?”

“म्हणजे?”

“पैसे बागेनं दिले. बाग त्यांनी लावली. खड्डे त्यांनी घेतले, उन्हाळ्यात डोक्यावर पाणी वाहून झाडं त्यांनी जगवली. आज फळं इकून पैसा आला, तर तो कोणाचा? तूच सांग बाई, शिकलेली हायेस.”

मी कल्याणकडे पाहिलं. तो बेरकीपणे झाडांकडे बघत उभा होता.

 देणगीदाराची व्याख्या मला तोंडपाठ होती. तिच्यात झुंबरबाईंचा नवरा बसत नव्हता, आणि त्या बागेत उभं राहून त्याला बाहेर काढायची माझी हिंमत होत नव्हती. मेलेला माणूस दरवर्षी झाडांतून पैसे देतो, हे तिथे अगदी साधं आणि खरं वाटत होतं.

“मावशी,” मी शेवटी म्हटलं, “असं लिहू का? देणगी त्यांच्या स्मरणार्थ... हस्ते झुंबरबाई. त्यांच्या बागेचे पैसे, पण दिले तुमच्या हातांनी. खाली एक ओळ आहे, ‘रक्कम मी दिली’. सरकारला तेवढं लागतं.”

त्यांनी स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. “हातानं म्हणतीस, तर बराबर हाये. हात माझेच व्हते.”

आणि त्यांनी सही केली. एकेक अक्षर जमिनीत रोवल्यासारखी. जुन्या पावत्या पुन्हा फोटोमागे गेल्या आणि नवा कागद माझ्या फाइलमध्ये आला. निघताना कल्याण गाडीचं दार उघडून धरत म्हणाला, “साहा वर्षं झाली मला ह्या कामात. मला हे ‘हस्ते’ सुचलं नसतं.”

“परीक्षेत विचारत नाहीत असलं काही,” मी म्हटलं. पण मनातून मी भलतीच खूश झाले होते.

त्या दिवसापासून घरोघरी आम्ही हाच कागद नेला. दुपारी तातेरावांकडे पोचलो तेव्हा मी चेहरा गंभीर करून बसले. पावतीवर होतं, कै. माणिक तातेराव.

“माणिक... केव्हा गेला?”

“पोळ्याच्या आधी आठ दिवस,” तातेरावांचा आवाज भरून आला.

“वय?”

“अठरावं चालू व्हतं.”

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “कॉलेजात होता का?”

कल्याणला जोराचा ठसका लागला. तातेराव माझ्याकडे बघतच राहिले. “कालेजात? अहो बाई, बैल होता तो.”

कल्याण गाडीमागे जाऊन वाकून हसत होता. मी इतकी लाजले की कागद नाकाशी धरून बसले. पण तातेराव हसले नाहीत. “चौदा-पंधरा वर्षं माझं शेत वढलं त्यानं. पोरीचं लग्न त्याच्या जिवावर झालं. थकला, तर लोक म्हणे इकून टाक. म्या न्हाई इकला. दारात गेला, माझ्या मांडीवर डोकं ठिवून.”

गाडीमागचं हसू थांबलं होतं. माझ्या कागदावर एक रकाना होता, मृताशी नातं. मी पेन घेऊन नुसतीच बसले.

“पोरगा लिहा,” तातेराव म्हणाले.

मी पोरगा लिहिलं. सोमवारी सरांनी विचारलं, हा माणिक कोण? मी म्हटलं, बैल. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं, आणि बरोबरची खूण केली.

असे रविवार गेले. एका घरात सासूच्या नावाने सुनेने दिलं होतं, ती सासू आयुष्यभर तिच्याशी नीट बोलली नव्हती. एका घरात फोटोच नव्हता, तर पावतीच चौकटीत लावून तिला हार घातला होता. जालन्यात जन्म गेला माझा, आणि तासा-दीड तासाच्या अंतरावर अशी माणसं राहतात याचा मला पत्ताच नव्हता!   परत येताना कधी कल्याण वाटेत गाडी थांबवून उसाचा रस घ्यायचा आणि बर्फ कमी असलेला ग्लास माझ्याकडे सरकवायचा. बर्फाने माझा घसा धरतो, हे मी एकदाच, दुसरंच काही सांगताना बोलले होते.

“तुम्ही सगळं लक्षात ठेवता का?” मी विचारलं.

“सगळं न्हाई... ठराविक माणसांचं.”

आता मला सांगा, अशा उत्तरानंतर बेरजा कशा जमणार?

फक्त एक गोष्ट मला टोचत होती. साठ पावत्यांवर नावाआधी ‘कै.’ होतं. पहिल्या पावतीवर नव्हतं. पावती क्रमांक एक, मीना, एकवीस हजार. जुनी पुस्तकं चाळली, तर दरवर्षीची पहिली पावती तिचीच.

“ही मीना कोण?” मी दुसऱ्या रविवारी विचारलं होतं.

“हाये एक,” तो म्हणाला आणि गिअर बदलला.

“ही तरी जिवंत दिसते. सही मिळेल ना?”

“बघतो...”

तिसऱ्या रविवारी पुन्हा विचारलं, तर म्हणाला, शेवटी घेऊ. मीना. दरवर्षी पहिली. बायको असेल? ठरलेली मुलगी असेल? मला काय करायचंय, असं मी स्वतःला दिवसातून दहा वेळा सांगत होते, आणि अकराव्या वेळी पुन्हा तीच पावती काढून बघत होते.

एकतीस मार्च उजाडला. साठ सह्या झाल्या होत्या. मी सकाळीच सरांच्या केबिनमध्ये गेले, त्यांच्याशी दोन मिनिटं बोलले, आणि एस.टी.ने कुंभार पिंपळगाव गाठलं.

कल्याणच्या घरासमोर कडुनिंबाला मोहोर आला होता. सगळ्या अंगणात त्याचा कडू-गोड वास. त्याच्या आईने पाणी दिलं. मी घरभर नजर फिरवली. दुसरी बाई कुठेच दिसेना.

“मीनाची सही राहिलीय,” मी म्हटलं. आवाज कोरडा ठेवायचा प्रयत्न केला. “तेवढी झाली की संपलं.”

आई कल्याणकडे बघत राहिली. मग आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ती एक फोटो घेऊन बाहेर आली. दोन वेण्या घातलेली, पुढचा दात किंचित तिरका असलेली मुलगी.

“ह्याची बहीण,” आई म्हणाली. “आठ वर्षं झाली. फोटो भिंतीला लावू देत न्हाई हा.”

मला माझीच लाज वाटली. किती दिवस मी या मुलीवर जळत होते!

कल्याण ओसरीच्या पायरीवर बसला. “दहावीला अठ्ठ्याऐंशी टक्के पडल्ते तिला. इकडून कॉलेजला जायला गाडी नव्हती. म्हणलं, एक वर्ष थांब, काहीतरी करतो. ती थांबली. त्याच पावसाळ्यात डेंग्यूनं गेली...” तो अंगठ्याने पायरीवरची माती उकरत होता. “गाडी असती तरी गेली असती कदाचित. पण कॉलेज पाहून गेली असती.”

मोहोराचा बारीक चुरा त्याच्या खांद्यावर पडत होता.

“दुसऱ्यांच्या नावाआधी ते ‘कै.’ मी बिनधास्त लिहितो, मॅडम. तिच्या नावाआधी हात चालत न्हाई. सही केली, तर ती गेली हे माझ्याच सहीनं होतं. पण आज न्हाई केली तर पावती निनावी. आन् मीच केली न्हाई, तर त्या साठ जणांकडून कोणत्या तोंडानं घेतली?”

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. फाइल मांडीवर उघडली. इतक्या दिवसांत कायदा मला कधी इतका मायाळू वाटला नव्हता.

“कल्याण,” मी म्हटलं. पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं. “कायद्याला ‘कै.’ लागत नाही. गेलेलं माणूस कोण, हेसुद्धा लागत नाही. त्याला फक्त देणारा लागतो. हे बघा... ‘बहीण मीना हिच्या नावाने, हस्ते कल्याण.’ बस. एवढंच.”

“खरं?”

“मी कागदपत्रांच्या बाबतीत खोटं बोलत नाही.”

त्याने कागद वाचला. पुन्हा वाचला. मग सही केली, आणि पेन परत देताना त्याचा हात माझ्या हातात क्षणभर तसाच राहिला. आईने फोटोचा पुठ्ठा सरकवला. कल्याणने डायरीत जपलेल्या पावत्या काढून दिल्या. त्या आत गेल्या आणि फोटो भिंतीवर गेला. आम्ही तिघंही त्या तिरक्या दाताकडे बघत उभे होतो. एकसष्ट.

मला बसस्टँडवर सोडायला तो क्रूझर काढायला गेला, पण चावी न लावताच थांबला.

“सकाळी तुमच्या सरांचा फोन आल्ता,” तो म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. “म्हणले, उद्यापासून आमची फाइल ऑफिसातले प्रितम सर बघतील. अंतरा मॅडमनी स्वतःहून सोडली.”

“हो.”

“काही चुकलं का माझं? त्या बैलावर हसलो, ते...”

“नाही हो!”

“मंग?”

आता आली का पंचाईत! चार रविवार ज्या वाक्याची मनात तालीम केली, ते ऐन वेळी गायब झालं. उरला फक्त नियम.

“आमच्याकडे एक नियम आहे,” मी गाडीच्या चाकाकडे बघत म्हटलं. “ज्यांच्याशी आपलं काही... म्हणजे जवळचं नातं असेल, किंवा व्हावं असं वाटत असेल... त्यांचे हिशेब आपण तपासायचे नसतात. आधीच सांगून बाजूला व्हायचं. प्रितम सगळे कागद पहिल्यापासून तपासेल. मी सरांना सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“तेच... की असं वाटतंय.”

कडुनिंबावर एक पाखरू उगाच ओरडत होतं. कल्याण माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी अजून पुरतं सांगू शकत नाही. झुंबरबाईंच्या बागेत मी जशी मान वर करून उभी राहिले होते, तसा तो उभा होता.

“म्हंजे,” तो म्हणाला, “मला सांगायच्या आधी तुम्ही सरांना सांगितलं?”

“पद्धतच तशी आहे.”

“अंतरा... मी तर पहिल्या रविवारपासून त्या आरशातच बघून गाडी चालवून राह्यलो. झाडाला धडकलो न्हाई, हे नशीब.”

आणि मग मी हसले. चांगली खळखळून, ओठ न चावता.

“आज तर अजून मार्चच हाये,” तो म्हणाला.

“वर्ष संपत आलंय. पावतीपुस्तक आणा.”

त्याने गाडीतूनच पुस्तक काढलं. मी पर्समधून पाचशे एक रुपये काढून बोनेटवर ठेवले. “फाइल मी सोडलीय, तेव्हा मला देता येतं. लिहा.”

“नाव?” त्याने पेनाचं टोपण काढत विचारलं.

“अंतरा दीनानाथ.”

“कोणाच्या स्मरणार्थ?”

“कुणाच्याच नाही. जिवंत माणसाची पावती फाडता येते ना तुमच्याकडे?”

“आजवर कोणी मागितली न्हाई. पत्ता?”

“जुना जालना... सध्या.”

त्याने मान वर केली. मी दुसरीकडे पाहिलं. त्याने ‘सध्या’सकट लिहिलं.

“फोन नंबर?”

“तुमचाच लिहा,” मी म्हटलं. “माझ्याबद्दल कुणी काही विचारलंच, तर तुम्हाला विचारावं.”

त्याने हळूहळू दहाही आकडे लिहिले आणि पावती फाडून माझ्या हातात दिली. मी आकडा न् आकडा तपासून पाहिला. बरोबर होता.